दोषबलीचा पाचवा हिस्सा

जुन्या करारातील 'लेवीय' नावाचे पुस्तक भाविक ख्रिस्ती घरातही क्वचितच उघडले जाते. उत्पत्तीच्या कथा सर्वांना आवडतात, दाविदाची स्तोत्रे पाठ असतात, संदेष्ट्यांची वचने प्रवचनांतून कानी पडतात. पण कोणत्या पशूची चरबी वेदीवर जाळावयाची, रक्त कोठे शिंपडावयाचे, याजकाने कोणता मांसखंड घरी न्यावयाचा, हा तपशील सुरू झाला की वाचक पाने उलटू लागतो. उलटता उलटता तो मनाची समजूतही घालतो, की हे सारे ख्रिस्ताच्या मरणाने संपले, आता त्याचे आपल्याला काय? ही समजूत अर्धी खरी आहे. राहिलेल्या अर्ध्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

आरंभी शब्दांची थोडी फोड केली पाहिजे. बळी म्हटले की आपल्याकडे देवीपुढचा बोकड डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि यज्ञ म्हटले की अग्नीत पडणारी तुपाची धार. गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांनी जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांत सांगितली; पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केले. या सर्वांना हाताशी असलेले शब्द आपलेच, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले होते आणि त्यांच्याबरोबर आपल्या कल्पनाही आल्या. हिब्रू भाषेत अर्पणाला सर्वसामान्य शब्द आहे 'कोर्बान'. त्याचा धातू जवळ येणे या अर्थाचा. अरबीतून आपल्या परिचयाचा झालेला 'कुर्बानी' हा शब्द त्याच कुळातला होय. म्हणजे मूळ कल्पना मारण्याची नव्हे, जवळ जाण्याची आहे.

इस्राएलाच्या अर्पणांचे पाच प्रकार लेवीयात सांगितले आहेत. होमबली सर्वस्वी अग्नीला जाई. अन्नबलीत सपीठ, तेल आणि ऊद एवढेच असे. शांत्यर्पण हे वस्तुतः जेवणच. त्यातील चरबी देवाला, ऊर व उजवी मांडी याजकाला आणि उरलेले सर्व मांस आणणाऱ्याच्या कुटुंबाला, तेही ठराविक मुदतीत संपवावयाचे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या आणि मराठी हीच घरची भाषा मानणाऱ्या बेने इस्राएल समाजात नवस फेडताना एलिया संदेष्ट्याचे नाव घेऊन जो मलिदा करतात, पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा, तो पाहिला म्हणजे अर्पण आणि पंगत यांचे नाते समजावयास ग्रंथांची गरज उरत नाही. पापबलीविषयी मात्र मतभेद पुष्कळ. जेकब मिलग्रोम या यहूदी पंडिताने लेवीयावरील आपल्या भाष्यात (पहिला खंड १९९१) असे मांडले की त्यातील रक्त पापी माणसाला लावलेलेच नाही. ते वेदीला लावतात, पडद्यापुढे शिंपडतात. माणसाच्या अपराधाने पवित्रस्थान मलिन होते आणि ते धुवावयाचे, असा तो विधी आहे. रागावलेल्या देवाला रक्त पाजून शांत करण्याची कल्पना या मजकुरात शोधू गेल्यास फारशी हाती लागत नाही.

बळी देणारा सधनच असला पाहिजे असेही नव्हते. कोकरू परवडले नाही तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालत. येशूच्या जन्मानंतर मरियेने मंदिरात हेच गरिबाचे अर्पण नेले, असे लूककृत शुभवर्तमानात आले आहे. तेही जमत नसेल त्याने पापबली म्हणून एफाचा दहावा भाग सपीठ आणावे. रक्ताचा थेंबही नाही, आणि तरी त्याला क्षमा आहे. रक्तावाचून क्षमा नाहीच, असे जे सरसकट सांगितले जाते, त्यांनी हा नियम नजरेआड केलेला असतो.

आता पाचवा प्रकार, दोषबली. हिब्रूत 'आशाम'. माझ्या मते साऱ्या लेवीयात एवढे विचार करावयास लावणारे दुसरे प्रकरण नाही, आणि ख्रिस्ती वाचकाच्या दृष्टीला एवढे निसटलेलेही दुसरे नाही.

सहाव्या अध्यायाच्या आरंभी उदाहरणे दिली आहेत ती कोर्टकचेरीतली वाटावीत अशी. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव एखाद्याने नाकारली. गहाण बुडविले. जबरीने काही घेतले. हरवलेली वस्तू सापडली असता सापडलीच नाही असे सांगितले. आणि वर देवाच्या नावाने खोटी शपथ वाहिली. पैसा शेजाऱ्याचा गेला, तरी ग्रंथ म्हणतो की हा परमेश्वराचा विश्वासघात होय. पुढे या माणसाला आपला दोष जाणवला, तर त्याने काय करावे? पहिले काम, घेतलेले पुरतेपणी परत करणे. दुसरे, त्यात एक पंचमांश भर घालणे. हे सर्व ज्याचे होते त्याच्या हाती द्यावयाचे. त्यानंतर एक निर्दोष मेंढा घेऊन याजकाकडे जावयाचे, आणि मग क्षमा.

हा पंचमांश कोठून आला? निर्गमाच्या पुस्तकात चोराला दंड सांगितला आहे. चोरलेले जनावर त्याच्याजवळ जिवंत सापडले तर दुप्पट. विकले किंवा कापले असेल तर मेंढराला चौपट, बैलाला पाचपट. पकडला गेलेला चोर एवढे देतो. आपण होऊन कबूल करणारा मात्र मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. दंड मुद्दामच हलका केला आहे, कारण खोट्या शपथेला साक्षीदार नसतो. तेथे पोलीस पोचत नाही, फक्त मन पोचते. मिलग्रोमने १९७६ साली या एका अर्पणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात हे सूत्र दाखवून दिले. बुद्ध्या केलेल्या अपराधाला खरे म्हणजे बळी चालत नाही. उद्दामपणे पाप करणाऱ्याला गणनाच्या पुस्तकाने समाजाबाहेर घातले आहे. परंतु पश्चात्ताप आणि कबुली यांनी त्या अपराधाची जात बदलते आणि मग त्याला वेदीची वाट मोकळी होते.

गणनाच्या पाचव्या अध्यायात याच कायद्याला पुरवणी जोडली आहे. ज्याचे घेतले तो मेला असेल आणि त्याला कोणी जवळचा आप्तही नसेल तर? तरीही कर्ज फिटलेले नाही. ती रक्कम याजकाला द्यावी. घेणारा उरला नाही म्हणून देणारा सुटला, असे होत नाही.

इ. स. ७० मध्ये तीतसाच्या रोमन सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जाळले. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू अर्पण करण्याचा परिपाठ त्या उन्हाळ्यात तुटला, तो आजतागायत तुटलेलाच आहे. (वल्हांडणाची कोकरी कापण्याची चाल आज नाबलुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोकांनी तेवढी राखली आहे; पण ते यरुशलेमेला मानीतच नाहीत.) वेदी गेल्यानंतर सुमारे एकशे तीस वर्षांनी यहूदी पंडितांच्या निर्णयांचा 'मिश्ना' हा संग्रह सिद्ध झाला. त्यात दोषबलीची चर्चा बंद पडलेली नाही. कुणी एका पेरुत्याएवढी, म्हणजे अगदी हलक्या तांब्याच्या नाण्याएवढी, वस्तू लुबाडून खोटी शपथ वाहिली असेल, तर त्याने ती परत द्यावयास धन्याच्या मागे मेदय देशापर्यंत, म्हणजे थेट इराणात, जावे. आणि लुबाडलेले आधी देऊन मग दोषबली आणला तर तो लागू पडतो. बळी आधी आणला आणि वस्तू मागाहून दिली तर लागू पडत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवसासंबंधीही तेच : देव आणि माणूस यांमधल्या अपराधांची त्या दिवशी निष्कृती होते, माणसामाणसांतल्या अपराधांची, दुखावलेल्याची समजूत काढल्यावाचून होत नाही. यहूदी धर्म म्हणजे शुष्क कर्मकांड आणि त्यातून ख्रिस्ताने माणसांची सुटका केली, हे चित्र आपल्या कानांवरून गेलेले असते. पण ज्यांना ते शुष्क वाटले त्यांनी हे निर्णय वाचले नसावेत.

येशू स्वतः याच परंपरेत बोलला. आपले दान वेदीजवळ आणले असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे त्याने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. ऐकणारे लोक गालीलातले, आणि वेदी यरुशलेमेत. जोसेफस या त्या शतकातील इतिहासकाराने गालीलाहून यरुशलेमेची वाट, शोमरोनातून गेल्यास, तीन दिवसांची सांगितली आहे. म्हणजे कोकरू तेथे ठेवून तीन दिवस चालत घरी यावयाचे, समेट करावयाचा आणि पुन्हा तीन दिवस चालत जावयाचे! हे ऐकताना त्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल याची कल्पनाच करावी. जकातदार जक्कयाची गोष्टही याच प्रकाशात वाचावी लागते. तो आपण होऊन देत होता, तेव्हा नियमाने पाचवा हिस्सा पुरे होता. त्याने चौपट देऊ केले. पकडल्या गेलेल्या मेंढरू-चोराचा दंड त्याने स्वतःला लावून घेतला.

मग हा पाचवा हिस्सा ख्रिस्ती विचारातून मागे का पडला? एक कारण भाषांतराचे आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक हा ख्रिस्ताचेच चित्र आहे, असे ख्रिस्ती मंडळी पहिल्यापासून मानीत आली. त्या सेवकाच्या प्राणाला हिब्रू मजकुरात जे नाव दिले आहे ते 'आशाम', दोषबली. पण अलेक्झांड्रियाच्या यहूद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात तेथे 'पापासाठी' एवढाच मोघम शब्दप्रयोग आला, आणि जेरोमच्या लॅटिन बायबलातही तसेच झाले. ज्या अर्पणाची अट भरपाई ही होती, त्याचे नावच वाचकांपुढून गेले. दुसरे कारण इब्री लोकांस लिहिलेले पत्र. त्याच्या लेखकाने प्रायश्चित्ताचा दिवस घेतला : वर्षातून एकदा पडद्याआड जाणारा प्रमुख याजक आणि त्याच्या हातातील रक्त. ख्रिस्ताने हे एकदाच आणि कायमचे केले, हा त्याचा सिद्धान्त. तो लिहिताना त्याने परोपकार आणि दानधर्म हीही देवाला आवडणारी अर्पणे होत असे बजावले आहे खरे. तथापि पुढच्या पिढ्यांच्या मनावर ठसले ते रक्त आणि पडदा.

सर्वच विसरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. घेतलेले देण्याची ऐपत असून जो देत नाही त्याचा पश्चात्ताप हा देखावा होय, असे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकात एका पत्रात स्पष्ट लिहिले. कँटरबरीच्या आन्सेल्मने १०९८ च्या सुमारास पुरा केलेल्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की हिरावलेले नुसते परत करून भागत नाही, झालेल्या अपमानापोटी काही अधिकही द्यावे लागते. हा तर लेवीयाचा पाचवा हिस्साच! पण आन्सेल्मच्या हिशेबात ही भर देवाला द्यावयाची आहे आणि ती ख्रिस्त देतो. ज्या शेजाऱ्याची ठेव बुडाली, तो या हिशेबातून हलकेच बाहेर जातो. रोमन पंथाच्या पापनिवेदनाच्या शास्त्रात मात्र भरपाईची अट टिकून राहिली. ती एकदा किती जड गेली, ते थोडे विस्ताराने सांगतो.

बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश पाद्री १५०२ साली हिस्पानिओला बेटावर गेला. क्यूबाच्या स्वारीत तो सैन्याबरोबर होता, आणि त्याला इतरांप्रमाणेच जमीन व तिच्यावर राबावयास त्या देशाची माणसे बक्षीस मिळाली. या पद्धतीला 'एन्कोमिएन्दा' म्हणत. कागदोपत्री तिचा अर्थ त्या माणसांना ख्रिस्ती धर्म शिकविण्यासाठी हवाली करणे असा होता. प्रत्यक्षात ती वेठ होती, आणि तीत माणसे झपाट्याने मरत होती. १५१४ च्या पेंटेकॉस्टला प्रवचन करावयाचे म्हणून तो उतारे पाहत असता बेन सीराच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय त्याच्यापुढे आला.

हा बेन सीरा इ. स. पू. १८० च्या सुमाराचा, यरुशलेमचा एक शिक्षक. मंदिराचा अभिमानी, प्रमुख याजकाचा गौरव करणारा. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे. अन्यायाच्या कमाईतून आणलेला बळी ही देवाची थट्टा आहे, आणि गरिबाच्या मालातून बळी देणे म्हणजे बापादेखत मुलाला मारण्यासारखे आहे, असा त्याचा आशय. आमोस, यशया, मीखा यांनी पूर्वी हेच सांगितले होते. त्यांचा राग वेदीवर नव्हता, वेदीशी येणाऱ्या हातांवर होता.

लास कासास रोज मिस्सा अर्पण करीत होता. ती भाकर आणि तो द्राक्षारस कोणाच्या घामाचा, हा प्रश्न त्या दिवशी त्याला टाळता येईना. त्याने पुढे आपल्या 'इंडीजच्या इतिहासा'त स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहून हा प्रसंग नोंदला आहे. पूर्वी एका डोमिनिकन पाद्रीने, माणसे बाळगतोस म्हणून, त्याचे पापनिवेदन ऐकण्यास नकार दिला होता. तेव्हा त्याने वाद घातला होता. आता तो क्यूबाच्या सुभेदाराकडे गेला आणि आपली माणसे सोडून दिली. १५ ऑगस्ट १५१४ रोजी सान्क्ती स्पिरितूस येथे त्याने भर प्रवचनात ते जाहीर केले. ऐकणारे थक्क झाले. अनुकरण मात्र फारसे कोणी केले नाही.

तीस वर्षांनी तो चिआपासचा बिशप झाला. आपल्या पाद्र्यांना त्याने हुकूम दिला की ज्यांनी तद्देशीयांना लुटले आहे त्यांना भरपाईवाचून मुक्ती उच्चारावयाची नाही. पापनिवेदकांसाठी त्याने नियमावली लिहिली : निवेदनाला बसण्यापूर्वीच लेखनिकापुढे दस्तऐवज करावा, त्यात आपली मालमत्ता भरपाईसाठी पाद्रीच्या अधीन करावी, मगच पुढे. लुटलेले मेले असतील तर त्यांच्या वारसांना, आणि वारस नसतील तर त्या गावांच्या भल्यासाठी द्यावे. गणनाच्या पाचव्या अध्यायाशी हे किती जुळते ते पाहा. वसाहतीत हलकल्लोळ झाला, बिशपला धमक्या आल्या. १५४७ मध्ये तो स्पेनला परतला तो कायमचा. नियमावली १५५२ साली सेव्हिल येथे छापली गेली. या माणसाने आरंभीच्या काळात तद्देशीयांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत असेही सुचविले होते, आणि त्याबद्दल पुढे त्याला तीव्र पश्चात्ताप झाला. तेही सांगितले पाहिजे. ते कर्ज मात्र त्याच्या हातून फिटले नाही.

हा प्रश्न जुनाट झालेला नाही. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्रीपुरुष, मुलांसह, लुइझियानाच्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरांना विकण्याचा करार केला. विकलेले लोकही कॅथलिकच होते. कुटुंबे फोडू नयेत, आलेला पैसा कर्ज फेडावयास वापरू नये, अशा रोमहून आलेल्या अटी होत्या. दोन्ही मोडल्या गेल्या आणि पैशाचा काही भाग वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन महाविद्यालयाचे देणे भागविण्यात गेला. १८ एप्रिल २०१७ रोजी तेथे क्षमायाचनेची उपासना झाली, त्या वंशजांपुढे जेझुइट संघाच्या प्रमुखाने आपले पाप कबूल केले, आणि विक्रीच्या यादीत ज्याचे नाव पहिले होते त्या आयझॅक हॉकिन्सचे नाव एका इमारतीला देण्यात आले. वंशजांसमवेत स्थापन केलेल्या न्यासाला दहा कोटी डॉलर देण्याचे वचन आले ते मार्च २०२१ मध्ये. म्हणजे उपासना आधी झाली आणि पैशाचे वचन चार वर्षांनी आले. मिश्नेने सांगितलेला क्रम येथे उलटा झाला. त्यात मुद्दल किती आणि पाचवा हिस्सा किती, याचा हिशेब सोपा नाही, आणि सर्व वंशजांचे समाधान झाले असेही नाही. गणनाच्या पुस्तकातील अडचण मात्र येथे आली नाही. वारस सापडले, ते हजारोंनी, आणि त्यांचा माग काढताना पाद्र्यांनीच लिहून ठेवलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या उपयोगी पडल्या.